घरबसल्या कामाची चौकशी ठराव वहीत यावी: सीमाभागातील महिला संघांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी व लगतच्या तालुक्यांतील महिला स्वसाहाय्य संघांच्या अध्यक्षा, सचिव आणि हिशेब लिहिणाऱ्या भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या संघातील एखाद्या सभासद बाईला पाच हजारांचे अंतर्गत कर्ज हवे असले, तर ते कशासाठी हवे, मागचे फेडले आहे का, हप्ता कोठून येणार, हे सगळे आपण बैठकीत सर्वांसमोर विचारता. मग ठराव वहीत नोंद होते, सह्या होतात आणि त्यानंतरच रक्कम तिच्या हाती पडते. त्याच बैठकीत ओळखीची कोणी अक्का येऊन "घरबसल्या पॅकिंगचे काम आहे, आयडी कार्डाचे अडीच हजार भरायचे" असे सांगते, तेव्हा मात्र वीस सभासदांचे मिळून पन्नास हजार रुपये एका दुपारीत बाहेर जातात आणि त्याची एक ओळसुद्धा कोणत्या वहीत उमटत नाही. कर्जाला जी चौकशी लागते ती कामालाही लागावी आणि ती संघाने संघ म्हणून करावी, एवढी एकच मागणी घेऊन हे जाहीर पत्र लिहीत आहे.

पोलिसांना किंवा जिल्हा प्रशासनाला न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण आहे. त्यांचे काम पैसे गेल्यानंतर सुरू होते. शिवाय आपल्या भागात ही फसवणूक अनोळखी फोनवरून जितकी येते, तितकीच ओळखीच्या तोंडून येते. फसवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर संघ ही त्याला आयती मिळालेली व्यवस्था आहे: ठरलेल्या वारी जमणाऱ्या दहा-वीस बायका, प्रत्येकीचे आधारशी जोडलेले खाते, हप्ता वेळेवर भरण्याची लागलेली सवय आणि ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार घरात येतात ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. म्हणून एजंट दारोदार फिरण्याचे कष्ट घेत नाही. तो आधी अध्यक्षांना गाठतो, त्यांची नोंदणी फुकट करून देतो, पहिल्या महिन्याची मजुरी त्यांच्या हातावर ठेवतो आणि तेथून पुढे त्यांचेच नाव सांगत गल्ली फिरतो. नंतर पैसे बुडतात तेव्हा ज्या बायकांनी तक्रार करायची त्या गप्प राहतात, कारण तक्रार करायची म्हणजे शेजारणीचे नाव घ्यायचे. फसवणूक टिकते ती या संकोचावर, आणि हा संकोच एकेकट्या बाईला मोडता येत नाही.

पॅकिंगच्या कामाचा हिशेब जरा सविस्तर मांडते, कारण अगरबत्ती, पेन्सिल, मेणबत्ती, टिकल्या, कापूस-वाती अशी नावे बदलत राहिली तरी आतला हिशेब तोच असतो. दहा पेन्सिलींची डबी आपल्या गावच्या दुकानात साधारण पन्नास रुपयांना मिळते. त्या पन्नास रुपयांत लाकूड, शिसे, रंग, कारखान्यातली मजुरी, छापील डबी, वाहतूक, घाऊक व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा नफा एवढे सगळे बसवायचे असते. एजंट सांगतो की एक डबी भरण्याचे दहा रुपये मिळतील, महिन्याला तीन हजार डब्या भरल्या की तीस हजार सुटले. याचा अर्थ असा होतो की डबीच्या विक्रीच्या किमतीचा पाचवा भाग नुसत्या पेन्सिली खोक्यात सरकवण्यासाठी द्यायला कोणी कारखानदार तयार आहे, आणि तोही माल गावात आणून, घरोघर वाटून, पुन्हा गोळा करून नेण्याचा खर्च सोसून. भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण हा हिशेब मांडत नाही, कारण तो मांडायला वेळ दिलाच जात नाही: "नोंदणी आजच बंद होणार, फक्त पाच जागा उरल्या" असे सांगून विचार करण्याची रात्रच काढून घेतलेली असते.

काही ठिकाणी माल खरोखर येतो आणि पहिल्या खेपेची मजुरीही मिळते. ती मजुरी मालाच्या विक्रीतून आलेली नसते. मागाहून नोंदणी केलेल्या बायकांच्या अडीच हजारांतून ती दिली जाते, आणि ती देण्यामागे हेतू असतो तो पुढच्या बायकांना दाखवण्याचा. त्यानंतर दुसरी अट पुढे येते, ती म्हणजे प्रत्येकीने आणखी दोघींना आणायचे, म्हणजे कमिशन मिळेल आणि आपण 'लीडर' होऊ. ही साखळी कोठे जाते ते एकदा पाटीवर लिहून पाहावे. एकीने दोघी, त्या दोघींनी चौघी, असे करत दहाव्या पायरीवर १,०२४ बायका लागतात, विसाव्या पायरीवर दहा लाखांहून जास्त आणि बाविसाव्या पायरीवर जवळजवळ बेचाळीस लाख. आधीच्या पायऱ्यांवरच्या मिळवल्या तर त्याच्या दुप्पट. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या, पुरुष आणि तान्ही मुले धरून, ४७.७९ लाख होती. शेवटी आलेल्यांचे पैसे बुडणार हे अशा योजनेत पहिल्या दिवशीच ठरलेले असते, आणि शेवटी आलेल्यांची संख्याच सर्वांत मोठी असते.

येथे अध्यक्षा भगिनींना स्वतंत्रपणे एक गोष्ट सांगणे भाग आहे. अशा पैशांच्या साखळ्यांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि ती बंदी योजना चालवणाऱ्यापुरती मर्यादित नाही. अशा योजनेचा प्रसार करणे, तिच्यात सभासद म्हणून नाव घालणे किंवा भाग घेणे हेही त्या कायद्यात गुन्हा ठरते. थेट विक्रीच्या नावाखाली चालणाऱ्या साखळ्यांना डिसेंबर २०२१ च्या ग्राहक संरक्षण नियमांनीही मनाई केली आहे. तेव्हा "मी फक्त माहिती दिली, पैसे त्यांनी भरले" हे म्हणणे, माणशी दोनशे रुपये कमिशन घेतल्यानंतर, पोलीस ठाण्यात टिकेलच असे धरून चालू नये.

दुसरा प्रकार यंत्राचा आहे, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा घातक, कारण त्यात नुसते अडीच हजार जात नाहीत, कर्ज मागे राहते. वाती वळण्याचे, द्रोण-पत्रावळीचे किंवा पेपर कप करण्याचे यंत्र आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच परत घेऊ, असा हा करार असतो. यंत्राची किंमत बाजारापेक्षा कितीतरी जास्त लावलेली असते, पण तिकडे लक्ष जात नाही, कारण "माल परत घेऊ" या तीन शब्दांवर सगळ्यांचा जीव जडलेला असतो. पहिला माल उचलला जातो, दुसऱ्यात खोट काढली जाते, तिसऱ्या वेळी फोन लागत नाही. यंत्र घरात, कर्जाचा हप्ता दारात. हे कर्ज कधी संघाच्या हमीवर काढलेले असते, कधी मायक्रो फायनान्सचे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःच्या नावे असे कर्ज काढून दिलेल्या बायकांची काय फरफट झाली ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. वसुलीसाठी छळ करणाऱ्यांविरुद्ध राज्याने २०२५ मध्ये कायदा केला हे खरे, पण नोंदणीकृत वित्तसंस्थेकडून स्वतःच्या सहीने घेतलेले कर्ज त्या कायद्याने माफ होत नाही. ज्या यंत्राचा माल गावच्या बाजारात आपल्या हिमतीवर विकता येणार नाही, ते यंत्र परतखरेदीच्या भरवशावर घेऊ नये, आणि संघाने त्याला हमी तर मुळीच देऊ नये.

मोबाईलवरची कामे आपल्या मुलींना आणि सुनांना जास्त गाठतात. व्हॉट्सॲपवर निरोप येतो, तेथून टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये नेतात, व्हिडिओ लाइक करायचे किंवा एखाद्या हॉटेलला चांगला अभिप्राय द्यायचा, आणि दीड-दोनशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात. येथेच विश्वास बसतो. मग 'प्रीपेड टास्क' येतो: हजार भरा, तेराशे मिळतील, पाच हजार भरा, सात मिळतील. ग्रुपमधले बाकीचे लोक आपल्याला मिळालेल्या पैशांचे फोटो टाकत असतात, पण त्यांतले बहुतेक त्याच टोळीचे असतात. रक्कम मोठी झाली की ती पडद्यावर वाढलेली दिसते आणि काढता मात्र येत नाही. काढण्यासाठी आधी कर भरा, दंड भरा, खाते 'अनफ्रीज' करण्याचे शुल्क भरा असे सुरू होते. केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अशा अर्धवेळ कामाच्या आणि गुंतवणुकीच्या फसव्या शंभराहून अधिक संकेतस्थळांवर बंदी घातली, तरी नवी नावे येतच राहिली. आपल्या मुलींना एवढे एकच वाक्य पाठ करून द्यावे की काम करणाऱ्याला पैसे मिळतात, काम करण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, आणि मिळणारे पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

याच ग्रुपांतून आणखी एक 'काम' दिले जाते आणि त्यात पैसेही भरावे लागत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. आपले बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिम काही दिवस वापरायला द्यायचे, बदल्यात महिन्याला काही हजार घ्यायचे. त्या खात्यातून कोणा दुसऱ्याच राज्यातल्या फसवलेल्या माणसाचे पैसे फिरवले जातात. तक्रार झाली की खाते गोठते, त्यात गृहलक्ष्मीचे आणि पेन्शनचे पैसे अडकतात, आणि पोलीस शोधत येतात ते खातेदाराच्या दारात. खाते भाड्याने देणे म्हणजे काम नव्हे, हे बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगितले जावे.

शिकलेल्या मुलींसाठी डेटा एन्ट्रीचा सापळा वेगळा आहे. अर्ज भरून द्यायचे, नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकता हवी, असा इंग्रजी करार ऑनलाइन सही करून घेतला जातो. काम पुरे झाले की चुका काढल्या जातात आणि मग 'वकिलाची नोटीस' येते: करारभंग झाला, अमुक हजार भरा, नाही तर अटक. मुलगी घरात सांगायला घाबरते आणि सोने गहाण ठेवून पैसे भरते. अशा वेळी हे माहीत असावे की करारभंग हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा कितीही मोठा लिहिला तरी न्यायालय वाजवी भरपाईपलीकडे देत नाही, आणि फसवून घेतलेला करार फसवला गेलेला पक्ष रद्द ठरवून घेऊ शकतो. खरी नोटीस असेल तर तिला वकिलामार्फत उत्तर देता येते. फोनवर तासाभरात पैसे मागणारी नोटीस ही खंडणी आहे.

आता खरे काम कसे असते, याकडे वळते. त्यासाठी लांब जायला नको. निपाणीत पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी घरी विड्या वळल्या. पान, तंबाखू, दोरा कारखान्याकडून यायचा, वळलेल्या विड्या मोजून घेतल्या जायच्या आणि हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असायची. त्या धंद्यात शोषण काही थोडे नव्हते. छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, काढून मजुरी कापली जायची, तंबाखूने छाती भरायची, आणि याविरुद्ध निपाणीच्या विडी व तंबाखू कामगार बायका संघटित होऊन लढल्या हा आपल्याच भागाचा इतिहास आहे. पण १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, आणि पुढे १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्याखाली तिला ओळखपत्र मिळू लागले. बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकरी मागांसाठी घरी कांड्या भरणाऱ्या बायकांना सूत मालकाकडून मिळते. अथणीकडे कोल्हापुरी चपलेची वेणी घालणे आणि शिवण घालणे ही कामे बायकांच्या हातची आहेत. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे चार जिल्हेही त्यात आले. खानावळींना आणि वसतिगृहांना ज्वारीच्या भाकऱ्या पुरवणाऱ्या, ब्लाउजला हूक-काजे करणाऱ्या, साडीला गोंडे लावणाऱ्या, चटण्या-शेवया विकणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. या सर्व कामांत गिऱ्हाईक किंवा मालक डोळ्यांसमोर असतो, माल कोठे जातो ते ठाऊक असते, मजुरीचा दर शेजारणीला विचारून पडताळता येतो आणि काम मिळवण्यासाठी कोणालाही नोंदणी फी द्यावी लागत नाही.

या कामांची मजुरी कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दिवसभर बसून हाती दोनशे रुपयेही लागत नाहीत अशी कामे यात आहेत. एजंटाचे भांडवल हेच आहे. खऱ्या कामाचा दर इतका पडलेला असतो म्हणूनच महिना तीस हजारांचे आश्वासन ऐकायला कान टवकारले जातात. त्यामुळे नुसते "फसू नका" म्हणून भागणार नाही, संघाने खऱ्या कामाचा दर वाढवून मागण्यातही पुढे असावे. दहा बायका वेगवेगळ्या जाऊन हूक-काजे मागतात तेव्हा दुकानदार दर ठरवतो. त्याच दहाजणी संघाच्या नावाने जातात तेव्हा निदान बोलणी होतात. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच 'घरी नेऊन काम करणारा' माणूस कामगारांत धरला होता, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरातून काम करणाऱ्यांची व्याख्या आहे, हे बोलणी करताना सांगायला हरकत नाही.

शिकण्यासाठी आणि भांडवलासाठी ज्या सरकारी वाटा आहेत, त्यांत फी मागितली जात नाही ही खूण लक्षात ठेवावी. बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिवण, खाद्यपदार्थ, ब्युटी पार्लर अशी प्रशिक्षणे राहण्याजेवणासह मोफत असतात. खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत चांभार, कुंभार, शिंपी, टोपल्या-झाडू करणारे, हार-गजरे करणारे अशा अठरा व्यवसायांना प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये भत्ता, पंधरा हजारांपर्यंतची अवजारे आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज आहे. तिची नोंदणीही मोफत आहे. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी मोफत, असंघटित कामगारांचे ई-श्रम कार्ड मोफत, केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या नोकरीच्या पोर्टलवर नाव घालणे मोफत. या नावांची नक्कल करून पैसे उकळणारी संकेतस्थळे आणि दुकाने आहेत, तेव्हा "उद्यमचे दीड हजार" सांगणाऱ्याला तेथेच थांबवावे. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या भगिनींनी मात्र अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्यावी. तिला थोडे सरकारी शुल्क असते, ते योग्य आहे.

आपल्या मुलींकडे आणखी एक शिदोरी आहे जिचा आपण विचार करत नाही. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, शाळेत हिंदी-इंग्रजी, असे चार भाषांत वाढलेले तरुण फार थोड्या जिल्ह्यांत आहेत. भाषांतर, ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढणे, दुकानांची आणि संस्थांची पत्रे-जाहिराती दोन्ही भाषांत तयार करणे ही खरी घरबसल्या कामे आहेत. त्यांतही नमुन्याच्या नावाखाली पन्नास पाने फुकट करून घेणारे भेटतात. नमुना एका पानापेक्षा मोठा मागितला तर त्याचे पैसे आधी ठरवावेत.

चौकशी कशी करावी, याबद्दल. प्रथम काम देणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि कंपनी असल्यास तिचा नोंदणी क्रमांक लेखी मागावा. तो खरा निघाला तरी प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही, पण खोटा निघाला तर पुढचे श्रम वाचतात; जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो आणि ते काम संघातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सहज जमते. मग पत्त्यावर जावे. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसला आपल्याला भाडे पडत नाही, तेव्हा बेळगावातले 'ऑफिस' पाहून यायला दोघींचा एक दिवस जाईल इतकेच. पत्ता कोल्हापूरचा, सांगलीचा किंवा पुण्याचा दिलेला असेल तर तिकडच्या माहेरवाशिणी आणि पाहुणे कशासाठी आहेत? तेथे भाड्याची खोली, एक टेबल आणि एक बॅनर दिसले तर काय समजायचे ते आपल्याला कळते. त्यानंतर, तीन महिने काम करून पूर्ण मजुरी मिळालेल्या दोघी बायका दाखवा असे म्हणावे, आणि त्या एजंटाने निवडलेल्या नकोत. माल शेवटी कोणत्या दुकानात, कोणत्या नावाने विकला जातो हे विचारावे. या प्रश्नांवर जो चिडतो, घाई करतो किंवा "विश्वास नसेल तर राहू द्या" म्हणतो, त्याला खुशाल राहू द्यावे. स्टॅम्प पेपरचे दडपण घेऊ नये. शंभराच्या स्टॅम्पवर काहीही लिहिता येते. आधार, पॅन, पासबुकाच्या प्रती आणि कोऱ्या कागदावरच्या सह्या चौकशी पुरी होईपर्यंत कोणालाही देऊ नयेत, कारण त्यांवर आपल्या नावाने कर्जही निघू शकते आणि सिमही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी पोर्टलवर पाहता येते, आणि आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एकदा मोफत द्यावाच लागतो.

एवढे करूनही कोणाचे पैसे गेले, तर पहिला फोन एजंटाला करू नये. तो "उद्या देतो" म्हणून नेमका मोलाचा वेळ खातो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि आपल्या बँकेलाही सांगावे. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक, वेळ आणि रक्कम जवळ ठेवावी. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली तर ते मध्ये कोठे तरी रोखले जाण्याची शक्यता असते, उशीर झाला की ती झपाट्याने कमी होते. व्हॉट्सॲपचे निरोप, टेलिग्रामचा ग्रुप, पावत्या, कार्ड, यातले काहीही संतापून पुसून टाकू नये. रोख पैसे गेले असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. सीमाभागात हमखास ऐकू येणारे उत्तर असते, "माणूस कोल्हापूरचा, तक्रार तिकडे द्या." १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता नोंदवून घ्यावी लागते, आणि फसवणूक करून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, तेव्हा हे उत्तर ऐकून परतू नये. गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिला आहे, म्हणून मराठीतला अर्ज देता येतो. तरी संघात कन्नड नीट लिहिणारी कोणी असेल तर तिच्याकडून सोबत कन्नड प्रत जोडावी, कारण आपल्याला वादापेक्षा कारवाई हवी आहे. आणि एकीने एकटीने जाऊ नये. पंधरा बायकांच्या सह्यांचा, एकाच एजंटाचे नाव असलेला अर्ज आणि एका बाईचा रडवेला अर्ज यांना ठाण्यात मिळणारी वागणूक वेगळी असते, हे सांगायला अनुभवी माणूस लागत नाही.

पुढच्या बैठकीत खालील मजकुराचा ठराव घ्यावा, अशी विनंती आहे. शब्द आपापल्या सोयीने बदलावेत.

"संघाच्या बैठकीत किंवा संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरबसल्या कामाची माहिती देणाऱ्या कोणाही व्यक्तीने काम देणाऱ्याचे नाव, पत्ता, मजुरीचा दर आणि माल विकला जाण्याचे ठिकाण लेखी द्यावे. दोन सभासदांनी चौकशी करून पुढील बैठकीत माहिती सांगेपर्यंत कोणत्याही सभासदाने नोंदणी फी, अनामत किंवा कागदपत्रे देऊ नयेत. ज्या कामासाठी आधी पैसे भरावे लागतात त्यासाठी संघ कर्ज किंवा हमी देणार नाही. अशा कामाचे कमिशन संघाच्या पदाधिकाऱ्यांनी घेऊ नये. कोणा सभासदाची फसवणूक झाल्यास तक्रार संघाच्या वतीने एकत्र केली जाईल."

ठरावाची एक प्रत आपल्या पंचायत पातळीवरच्या ओक्कूटात, म्हणजे संघांच्या महासंघात, द्यावी, आणि चौकशीत खोटा निघालेला एजंट कोणत्या नावाने, कोणत्या फोन नंबरावरून आला होता तेही तेथे कळवावे. एका गावातून बाद झालेला माणूस पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावी जातो.

कळावे,

आपली,
संघांचे हिशेब तपासणारी एक कार्यकर्ती,
बेळगाव